चेतापेशींच्या शाखांचे परिरक्षण

चेतापेशींच्या शाखांचे परिरक्षण म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या वृक्षासारख्या फांद्या आणि त्यांवरील संपर्कस्थाने एकदा तयार झाल्यावर ती दीर्घकाळ टिकवून धरणारी जैविक प्रक्रिया होय. हे काम प्रामुख्याने प्रथिने करतात. पेशीच्या आतला सांगाडा उभा ठेवणारी, लांबच्या फांद्यांपर्यंत माल पोहोचवणारी, पेशीला शेजारच्या घटकांशी जखडून ठेवणारी आणि वाढीचे संदेश देणारी अशी अनेक प्रकारची प्रथिने त्यात भाग घेतात. शाखा फुटणे आणि फुटलेल्या शाखा टिकणे या दोन वेगळ्या घटना असून त्यांमागील प्रथिनेही काही अंशी वेगळी आहेत, हे गेल्या सुमारे २५ वर्षांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. परिरक्षण बिघडल्यास पेशी न मरताही तिच्या फांद्या आखडतात व जोडण्या तुटतात. दीर्घकालीन ताण, अवसाद, अल्झायमर रोग आणि बौद्धिक अक्षमतेचे काही आनुवंशिक प्रकार यांत असे बदल आढळतात. या विषयातील काही महत्त्वाचे संशोधन मुंबई, पुणे व बेंगळुरू येथील संस्थांमध्ये झाले आहे.

संज्ञा

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिरावलेली नाही. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत चेतापेशी, वृक्षिका व अक्षतंतू हे शब्द येतात, तर मराठी विश्वकोशात तंत्रिका तंत्र, तंत्रिका कोशिका अशी संज्ञायोजना आहे. प्रस्तुत लेखात पाठ्यपुस्तकांतील शब्द वापरले आहेत. दोन चेतापेशी जेथे एकमेकींना संदेश देतात त्या जागेला संपर्कस्थान म्हटले आहे. तिलाच बोलीत सिनॅप्स म्हणतात. वृक्षिकांवर दिसणाऱ्या बारीक उंचवट्यांसाठी कंटक हा शब्द योजला आहे. प्रथिनांची नावे मात्र आंतरराष्ट्रीय रूढीप्रमाणेच ठेवली आहेत, कारण त्यांची भाषांतरे कोणीही वापरत नाही.

रचना

प्रौढ मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येकीला एक पेशीकाय, एक अक्षतंतू आणि अनेक वृक्षिका असतात. वृक्षिका इतर पेशींकडून संदेश घेतात व अक्षतंतू ते पुढे पाठवतो. पेशीकायाचा व्यास बहुधा १० ते २० मायक्रोमीटर इतकाच असतो. पण एकाच पेशीच्या साऱ्या वृक्षिकांची लांबी एकत्र मोजली तर ती कित्येक मिलिमीटर, मोठ्या पेशींत एक सेंटिमीटरहूनही अधिक भरते. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारे अक्षतंतू तर सुमारे एक मीटर लांब असतात. प्रमस्तिष्क बाह्यकातील एका पेशीवर हजारो संपर्कस्थाने असतात आणि त्यांपैकी उत्तेजक संपर्कस्थाने बहुतांशी कंटकांच्या टोकावर असतात.

फांद्यांचा आकार पेशीच्या कामाशी थेट जोडलेला असतो. कोणत्या पेशींचे संदेश तिच्यापर्यंत पोहोचणार, किती पोहोचणार आणि ते एकमेकांत कसे मिसळणार, हे फांद्यांची लांबी, जाडी व दिशा ठरवतात. म्हणून एखादी फांदी गेली की तिच्यावरील संपर्कस्थानेही जातात व त्या पेशीचे गणितच बदलते.

पार्श्वभूमी

इटालियन वैद्य कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली. या पद्धतीत ऊतीतील मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या सर्व फांद्यांसह दिसतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत वापरून १८८८ मध्ये कोंबडीच्या अनुमस्तिष्कातील पेशींवर कंटक पाहिले व प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते हे मत मांडले. गोल्जी यांना ते अखेरपर्यंत मान्य नव्हते. १९०६ चे नोबेल पारितोषिक मात्र दोघांना विभागून मिळाले.

रंगवलेली ऊती मृत असते. त्यामुळे प्रौढ मेंदूतील फांद्या स्थिर असतात की सतत बदलतात, हा प्रश्न शतकभर अनुत्तरित राहिला. जिवंत उंदराच्या मेंदूतील तीच ती फांदी पुन्हा पुन्हा पाहता येणारे द्वि-प्रकाशकण सूक्ष्मदर्शक आल्यावर २००२ मध्ये दोन गटांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. प्रौढ उंदराच्या दृष्टिबाह्यकातील सुमारे ९६ टक्के कंटक महिनाभर टिकतात, असे एका गटाला आढळले. दुसऱ्या गटाने मिशांचे स्पर्शसंवेदन ग्रहण करणारा भाग तपासला, तेव्हा तेथे कंटकांची ये-जा बरीच अधिक दिसली. कंटकांच्या प्रमाणाबाबत मतभेद राहिले, तरी मुख्य फांद्या जवळजवळ हलत नाहीत यावर दोन्ही गटांचे एकमत झाले.

येथे खरा पेच सुरू होतो. फांद्या महिनोन्महिने, माणसात बहुधा वर्षानुवर्षे, टिकतात. पण त्या ज्या प्रथिनांच्या बनलेल्या असतात ती टिकत नाहीत. उंदराच्या मेंदूतील प्रथिनांचे सरासरी आयुर्मान सुमारे ९ दिवस असल्याचे २०१० मध्ये मोजले गेले. कंटकांमधील ॲक्टिनचे तंतू तर एका मिनिटाच्या आत उलगडून पुन्हा गुंफले जातात. म्हणजे बहुतेक साहित्य बदलत राहूनही आकृती तीच राहते. ही स्थिरता आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी पेशीला अखंड ऊर्जा व प्रथिने खर्ची घालावी लागतात.

आतला सांगाडा

फांदीच्या मध्यातून सूक्ष्मनलिका गेलेल्या असतात. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या कणांपासून बनलेल्या या पोकळ नळ्या सुमारे २५ नॅनोमीटर जाड असतात. त्यांची दोन टोके सारखी नसतात. एक टोक जलद वाढते, दुसरे सावकाश. अक्षतंतूत जवळजवळ सर्व नळ्यांची जलद वाढणारी टोके बाहेरच्या दिशेला असतात. सस्तन प्राण्यांच्या वृक्षिकांत मात्र दोन्ही दिशांच्या नळ्या मिसळलेल्या असतात. या एका फरकामुळे कोणता माल अक्षतंतूत जायचा व कोणता वृक्षिकेत, याची बरीचशी विभागणी होते.

सूक्ष्मनलिकांना चिकटून त्यांना स्थैर्य देणारी प्रथिनेही दोन ठिकाणी वेगळी आहेत. वृक्षिकांत एमएपी२ हे प्रथिन, तर अक्षतंतूत टाऊ हे प्रथिन प्रामुख्याने आढळते. टाऊवर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढले की ते नळीवरून सुटते. अल्झायमर रोगात पेशीत साचणारे गुंते याच सुटलेल्या टाऊचे असतात.

कंटकांचा सांगाडा सामान्यतः सूक्ष्मनलिकांचा नसून ॲक्टिनचा असतो. सुमारे ७ नॅनोमीटर जाडीच्या या तंतूंना फाटे फोडण्याचे काम आर्प२/३ हे प्रथिनसंकुल करते, तर कोफिलिन ते तोडते. या दोघांवर रॅक१, सीडीसी४२ व आरएचओए या छोट्या नियंत्रक प्रथिनांची हुकमत चालते. ढोबळमानाने पहिली दोन वाढीला अनुकूल असतात आणि आरएचओए आकुंचनाला. फांद्या टिकण्यासाठी आरएचओए सतत दाबून ठेवावे लागते, हे पुढे दिलेल्या प्रयोगांवरून दिसते.

ॲक्टिनचे सरळ, न फाटलेले तंतू बनवणाऱ्या फॉर्मिन कुलातील प्रथिनांवर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) अर्णब घोष यांच्या प्रयोगशाळेत काम झाले आहे. कोंबडीच्या गर्भातील मेरुरज्जूच्या पेशींमधून फॉर्मिन-२ कमी केले असता वाढत्या अक्षतंतूच्या टोकावरील बोटांसारखे प्रवर्ध पृष्ठभागाला नीट पकडून राहत नाहीत आणि अक्षतंतू आपला मार्ग चुकतात, असे या गटाने २०१६ मध्ये दाखवले. माणसात फॉर्मिन-२ च्या जनुकातील बिघाड बौद्धिक अक्षमतेशी जोडला गेलेला आहे.

मालवाहतूक

चेतापेशीतील बहुतेक प्रथिने पेशीकायात बनतात व तेथून दूरवर न्यावी लागतात. हे काम चालक प्रथिने करतात. कायनेसिन कुलातील चालक सामान्यतः सूक्ष्मनलिकेच्या जलद वाढणाऱ्या टोकाकडे, तर डायनिन उलट दिशेला चालते. कायनेसिनचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे असते आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. पुटिकांसारखा माल दिवसाला ५० ते ४०० मिलिमीटर वेगाने जातो. सांगाड्याची प्रथिने मात्र दिवसाला काही मिलिमीटरच सरकतात. पायापर्यंतच्या अक्षतंतूत या दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनांना टोक गाठायला महिने लागतात.

या क्षेत्रात मुंबईच्या कुलाबा भागातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे योगदान विशेष आहे. तेथे ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सिद्दिकी व सेमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांच्या उत्परिवर्तित वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील कोमॅटोज या जनुकापासून बनणारे प्रथिन संपर्कस्थानी पुटिका पटलात विलीन करणारी यंत्रणा पुन्हा वापरायोग्य करते, हे पुढे १९९० च्या दशकात कळले. एका प्रथिनाच्या बिघाडाने संपर्कस्थान काही मिनिटांत बंद पडू शकते, याचे ते ठळक उदाहरण ठरले.

याच संस्थेत संध्या कौशिका यांनी सूत्रकृमीवर काम केले. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स नावाचा हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब व पारदर्शक असतो आणि त्याच्या उभयलिंगी प्रकारात नेमक्या ३०२ चेतापेशी असतात. त्यामुळे जिवंत प्राण्याच्या अक्षतंतूतील वाहतूक सूक्ष्मदर्शकातून सरळ पाहता येते. संपर्कस्थानांसाठीच्या पुटिका वाहून नेणारे यूएनसी-१०४ हे चालक प्रथिन मालाला योग्य प्रकारे पकडू शकले नाही तर पेशी तेच नष्ट करते, असे त्यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. रिकामा चालक मोडीत काढण्याची ही व्यवस्था चालकांची संख्या आणि माल यांचा मेळ राखते. २०१८ मधील त्यांच्या आणखी एका शोधनिबंधात ॲक्टिन दाट असलेल्या जागी पुटिकांची कोंडी होते, असे वर्णन आहे. अक्षतंतूतील असे तुंबलेले ठिकाण म्हणजे नेहमीच रोगाची खूण नव्हे. निरोगी प्राण्यातही ती दिसते. यूएनसी-१०४ चे मानवी समरूप केआयएफ१ए असून त्याच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे लहान मुलांत पायांचा ताठरपणा, दृष्टिदोष व विकासातील विलंब असलेले विकार होतात.

फळमाशीवर काम करणारे कृष्णानु राय यांनी त्याच संस्थेत कोलीन ॲसिटिलट्रान्स्फरेज या विकराचा प्रवास तपासला. ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक रेणू बनवणारे हे विकर पेशीद्रवात विरघळलेले असते, तरीही कायनेसिन-२ त्याला संपर्कस्थानाकडे लोटते, असे २०१२ मध्ये आढळले. रूप मलिक यांनी डायनिनच्या सामूहिक बळाचे मापन केले. एकटे डायनिन दुबळे असते, पण अनेक डायनिन मिळून ओझे वाटून घेतात व मोठे बळ निर्माण करतात. कायनेसिनला एकत्र काम करणे तितकेसे साधत नाही, असा त्यांच्या गटाचा २०१३ मधील निष्कर्ष आहे. मलिक यांना २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

सर्वच माल लांबून येतो असे नाही. कंटकांच्या बुडाशी रायबोसोमांचे पुंजके असल्याचे १९८२ मध्ये दिसून आले. संदेशवाहक आरएनए तेथवर नेऊन ठेवलेला असतो आणि गरज पडताच प्रथिन जागच्या जागी बनवले जाते. एकाच पेशीवरील हजारो कंटकांपैकी नेमके वापरात असलेले कंटक बळकट करता येणे यामुळे शक्य होते.

फांदी टिकते कशी

परिरक्षण ही वाढीहून वेगळी प्रक्रिया आहे याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आर्ग या विकरापासून मिळाला. अमेरिकेतील येल विद्यापीठात अँथनी कोलेस्की यांच्या गटाने आर्गचे जनुक काढून टाकलेले उंदीर तपासले. तीन आठवड्यांच्या वयात त्यांच्या बाह्यकातील पेशींच्या वृक्षिका अगदी सामान्य होत्या. सहा आठवड्यांच्या वयापर्यंत त्या आखडल्या. पेशी मेल्या नव्हत्या आणि फांद्या मुळात नीट फुटल्याही होत्या. त्या धरून ठेवणारी साखळी तेवढी तुटली होती.

ती साखळी अशी. पेशीपटलात इंटिग्रिन नावाची प्रथिने असतात. त्यांचे एक टोक पेशीबाहेरील आधारद्रव्यातील प्रथिनांना पकडते व दुसरे पेशीच्या आत असते. बाहेरची पकड घट्ट असली की आतील आर्ग क्रियाशील होते. ते पी१९०आरएचओगॅप या प्रथिनाला चालना देते आणि हे प्रथिन आरएचओए दाबून ठेवते. साखळीतील कोणताही दुवा निखळला तर आरएचओए मोकळे सुटते, ॲक्टिन-मायोसिनचे आकुंचन वाढते आणि फांदी पेशीकायाकडे ओढली जाते. आर्ग नसलेल्या पेशींत आरएचओएची क्रिया कमी केली असता फांद्यांचे नुकसान टळते, यावरून या साखळीतील क्रम निश्चित झाला.

फळमाशीतही समांतर उदाहरण आहे. अळीच्या त्वचेखाली पसरलेल्या संवेदी पेशींच्या वृक्षिका फरश्यांप्रमाणे एकमेकींना न झाकता सारे अंग व्यापतात. वॉर्ट्स व साल्व्हाडोर या जनुकांत बिघाड असल्यास ही फरसबंदी सुरुवातीस व्यवस्थित होते, पण अळी वाढत असताना फांद्या हळूहळू झडतात, असे २००६ मध्ये दिसले. ही जनुके मुळात पेशींची वाढ आवरणारी म्हणून ओळखली जात होती. शाखा टिकवण्यातील त्यांची भूमिका अनपेक्षित होती.

फांद्यांनी आपल्याच पेशीच्या दुसऱ्या फांदीशी गुंतू नये, यासाठीही प्रथिने आहेत. फळमाशीचे डीस्कॅम१ हे एकच जनुक निरनिराळ्या जोडण्यांनी ३८,०१६ प्रकारची प्रथिने बनवू शकते. प्रत्येक पेशी त्यांतील थोडे प्रकार धारण करते. तेच प्रकार समोर आले की ही आपलीच फांदी असे ओळखून दोन्ही फांद्या दूर होतात. सस्तन प्राण्यांत हेच काम प्रोटोकॅडहेरिन कुलातील प्रथिने करतात.

संपर्कस्थानाची बांधणी

संपर्कस्थानातील दोन पटलांमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. संदेश देणाऱ्या बाजूचे न्युरेक्सिन आणि घेणाऱ्या बाजूचे न्युरोलिजिन फटीतून एकमेकांना धरतात. न्युरोलिजिनच्या दोन जनुकांतील उत्परिवर्तने स्वमग्नता असलेल्या काही कुटुंबांत २००३ मध्ये सापडली. एन-कॅडहेरिन हे प्रथिनही दोन्ही पटले जोडून धरते.

घेणाऱ्या बाजूच्या पटलाखाली प्रथिनांचा दाट थर असतो. पीएसडी-९५ हे त्यातील प्रमुख मचाण-प्रथिन होय. एका संपर्कस्थानात त्याच्या सुमारे ३०० प्रती असतात. ते ग्लुटामेटचे ग्राही जागेवर ठेवते व त्यांना आतील संदेशयंत्रणेशी जोडते. कॅल्शियम आत शिरताच क्रियाशील होणारे कॅमकेआयआय हे विकर त्याच थरात विपुल असते आणि वापरात असलेले संपर्कस्थान बळकट करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. चेतापेशींभोवतालच्या तारापेशीही थ्रॉम्बोस्पॉन्डिनसारखी प्रथिने स्रवून संपर्कस्थाने तयार होण्यास मदत करतात.

याउलट काही संपर्कस्थाने काढून टाकण्याची व्यवस्थाही असते. रोगप्रतिकार यंत्रणेतील सी१क्यू व सी३ ही पूरक प्रथिने विकसनशील मेंदूत नको असलेल्या संपर्कस्थानांवर खूण करतात, हे २००७ मध्ये आढळले. खूण केलेली संपर्कस्थाने सूक्ष्मश्लेषपेशी गिळून टाकतात. हीच छाटणी अवेळी सुरू झाली तर घातक ठरते. अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांत तिचे पुरावे मिळाले आहेत.

बीडीएनएफ आणि ताण

बीडीएनएफ हे मेंदूजन्य चेतापोषक प्रथिन १९८२ मध्ये जर्मनीत इव्ह-अलाँ बार्ड, हान्स टोनेन व सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते ट्रकबी या ग्राहीला चिकटते आणि पेशीला टिकण्याचा, वाढण्याचा व संपर्कस्थाने बळकट करण्याचा संदेश देते. अग्रमेंदूतून बीडीएनएफचे जनुक काढलेल्या उंदरांत बाह्यकातील वृक्षिका आधी नेहमीसारख्या वाढतात व नंतर आखडतात, असे २००३ मध्ये दिसले. आर्गच्या प्रयोगाशी याचे साम्य लक्षणीय आहे.

मुंबईच्या विदिता वैद्य यांचे संशोधन याच प्रथिनाभोवती आहे. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे पीएच.डी. केली. सेरोटोनिनचा ५-एचटी२ए हा ग्राही उत्तेजित केल्यास उंदराच्या बाह्यकात बीडीएनएफच्या संदेशवाहक आरएनएचे प्रमाण वाढते आणि हिप्पोकॅम्पसमध्ये ते घटते, हे त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. एकच रेणू मेंदूच्या दोन भागांत उलट परिणाम करतो, ही बाब त्या वेळी नवी होती. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी बालवयातील ताणाचे प्रौढपणीचे परिणाम आणि सेरोटोनिनची कार्ये अभ्यासली. उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्याबरोबर २०१९ मध्ये त्यांनी सेरोटोनिन ५-एचटी२ए मार्फत बाह्यकातील पेशींत तंतुकणिकांची संख्या व ऊर्जानिर्मिती वाढवते, असे दाखवले. फांद्या टिकवण्यासाठी लागणारी ऊर्जा पाहता या निष्कर्षाचे महत्त्व लक्षात येते. वैद्य यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व २०२२ मध्ये इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

ताणाचा फांद्यांवर होणारा परिणाम याच संस्थेच्या बेंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने मोजला. उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे १० दिवस जखडून ठेवल्यावर हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागातील वृक्षिका आखडल्या, तर भीतीशी संबंधित अमिग्डालातील वृक्षिका उलट वाढल्या. हा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ताण म्हणजे सरसकट ऱ्हास, ही तोवरची समजूत त्याने मोडली. नंतर २१ दिवस ताणाविना ठेवले असता हिप्पोकॅम्पसमधील हानी भरून निघते, पण अमिग्डालातील वाढ व प्राण्याची भयग्रस्तता तशीच राहते, असे २००४ मध्ये दिसले. २०१२ मध्ये याच गटाने बीडीएनएफ मोजले, तेव्हा ताणानंतर ते सीए३ मध्ये घटलेले व अमिग्डालात वाढलेले आढळले. विश्रांतीनंतर सीए३ मधील पातळी पूर्ववत झाली, अमिग्डालातील मात्र चढीच राहिली. प्रथिनाचे आकडे आणि फांद्यांचे आकार अशा प्रकारे जुळले. एकाने दुसरे घडवले हे केवळ या जुळणीवरून सिद्ध होत नाही. शिवाय हे सर्व प्रयोग उंदरांवरील आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूतील एकेक फांदी पाहण्याचे साधन आज उपलब्ध नाही.

संबंधित विकार

अल्झायमर रोगात स्मृतिभ्रंशाची तीव्रता मेंदूत साचलेल्या अमायलॉइडच्या गाठींपेक्षा संपर्कस्थानांच्या घटीशी अधिक जुळते, हे १९९१ मध्ये मरणोत्तर तपासणीतून दिसून आले. अमायलॉइडचे छोटे, विरघळलेले समूह संपर्कस्थानांना बाधक ठरतात, तर सुटलेले टाऊ वाहतुकीत अडथळा आणते. पेशी मरण्याच्या बऱ्याच आधी जोडण्या जातात, म्हणून उपचारासाठी काही काळ हाती असू शकतो. पण निदान बहुधा त्यानंतरच होते.

नाजूक-एक्स लक्षणसमूहात एफएमआरपी हे प्रथिन बनत नाही. त्याचे जनुक १९९१ मध्ये सापडले. जनुकातील सीजीजी या तीन अक्षरांची आवृत्ती २०० हून अधिक वेळा झाली की जनुक बंद पडते. एफएमआरपी एरवी फांद्यांवरील स्थानिक प्रथिननिर्मितीला लगाम घालते. तो सुटल्यावर कंटक संख्येने अधिक, पण लांब, बारीक व अपरिपक्व राहतात. कंटक जास्त म्हणजे मेंदू अधिक सक्षम, असा अर्थ त्यामुळे काढता येत नाही. मुख्यतः मुलींना होणाऱ्या रेट लक्षणसमूहाचे कारण एमईसीपी२ या प्रथिनाचा बिघाड आहे, हे १९९९ मध्ये कळले. त्यात मूल काही महिने नेहमीसारखे वाढते आणि नंतर मिळवलेली कौशल्ये गमावते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या मरणोत्तर तपासणीत बाह्यकाच्या काही भागांत कंटकांची घनता कमी आढळते.

उपचारांच्या दिशा

अवसादावरील प्रचलित औषधे सेरोटोनिनची पातळी काही तासांतच वाढवतात, पण आराम पडायला आठवडे लागतात. दरम्यानच्या काळात बीडीएनएफमार्फत जोडण्यांची दुरुस्ती होत असावी, असे एक प्रमुख मत आहे. यांतील काही औषधे सरळ ट्रकबी ग्राहीलाच चिकटतात, असे फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये मांडले. त्याची चर्चा चालू आहे. बीडीएनएफ स्वतः औषध म्हणून देणे कठीण आहे, कारण रक्तातून ते मेंदूत फारसे शिरत नाही.

नाजूक-एक्सबाबत अमेरिकेतील सुसुमू टोनेगावा यांच्या गटाने चटर्जी यांच्या सहकार्याने २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ॲक्टिनवर नियंत्रण ठेवणारे पीएके हे विकर जन्मानंतर काही आठवड्यांनी मंद केले, तरीही कंटकांचे दोष व वर्तनातील काही दोष सुधारले. म्हणजे हे दोष जन्मतःच कायमचे ठरलेले नसतात. उंदरांवरील अशा निष्कर्षांमुळे माणसांवरील चाचण्यांना वेग आला, परंतु ग्लुटामेटच्या एमग्लुआर५ या ग्राहीला रोखणाऱ्या दोन औषधांच्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. चाचण्यांतील रुग्ण बहुतांशी किशोर व प्रौढ होते. उपचार अधिक लहान वयात सुरू केल्यास निष्पत्ती वेगळी येईल का, हा प्रश्न त्यानंतरच्या संशोधनात पुढे आला आहे.